व्यावसायिक हयगयीचा दावा : योग्य वकिलाची निवड

समाजात काही व्यवसाय असे आहेत की, त्यांचे ज्ञान सामान्य माणसाजवळ नसते आणि तरीही त्या ज्ञानावाचून त्याचे चालत नाही. डॉक्टर, वकील, वास्तुशिल्पी, सनदी लेखापाल हे असे व्यावसायिक होत. त्यांच्याकडे जाताना आपण आपले शरीर, आपली मालमत्ता किंवा आपली अब्रूच त्यांच्या हाती सोपवीत असतो. बहुतेक वेळा हा विश्वास सार्थ ठरतो. परंतु कधी कधी व्यावसायिकाच्या हातून हयगय होते आणि तिचे फळ विश्वास टाकणाऱ्याला भोगावे लागते. मग दाद मागण्यासाठी त्याला पुन्हा एका व्यावसायिकाच्या, म्हणजे वकिलाच्या, दारात उभे राहावे लागते. एकदा पोळलेल्या माणसाला ही दुसरी निवड पहिल्या निवडीहून अवघड वाटते. कारण ती दुःखाच्या, संतापाच्या आणि अनेकदा पैशाच्या ओढाताणीच्या काळात करावयाची असते. प्रस्तुत प्रकरणात या दुसऱ्या निवडीचा विचार केला आहे. उदाहरणे मुख्यतः वैद्यकीय हयगयीची घेतली आहेत, कारण या विषयासंबंधीचा आपल्या न्यायालयांचा विचार प्रामुख्याने अशा खटल्यांतूनच घडत गेला आहे.

हयगय कशास म्हणावे?

वकील शोधण्यास निघण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावयास हवी. वाईट परिणाम झाला म्हणजे हयगय झाली, असे कायदा मानीत नाही. दावा यशस्वी होण्यास तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. त्या व्यावसायिकावर आपल्याबाबत काळजी घेण्याचे कर्तव्य होते. ते कर्तव्य त्याने योग्य रीतीने पार पाडले नाही. आणि आपले नुकसान त्याच कसुरीमुळे झाले. यांपैकी तिसरी गोष्ट सामान्य माणसाच्या नजरेतून हमखास निसटते आणि बहुतेक दावे तेथेच अडखळतात.

कसूर कोणत्या मापाने मोजावयाची, याचे उत्तर १९५७ साली इंग्लंडमधील बोलम खटल्यात दिले गेले. त्या शाखेतील सर्वसाधारण कुशल व्यावसायिकाकडून जेवढ्या कौशल्याची अपेक्षा करता येते तेवढे दाखविले गेले किंवा नाही, एवढेच पाहावयाचे. सर्वश्रेष्ठ तज्ज्ञाचे माप लावावयाचे नाही. जाणकारांच्या एका जबाबदार गटाला जी पद्धती मान्य आहे ती अनुसरणारा डॉक्टर, दुसऱ्या गटाचे मत वेगळे आहे एवढ्यावरून दोषी ठरत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात हेच माप स्वीकारले आणि फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी हयगय अत्यंत ढोबळ स्वरूपाची असावी लागते, असेही स्पष्ट केले.

हा भेद एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका लहान गावातील शिक्षकाच्या पत्नीवर गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवसापासून तिला ताप येऊ लागला, कुशीत दुखू लागले. ‘शस्त्रक्रियेनंतर एवढे व्हायचेच’ असे सांगून तिला घरी पाठविण्यात आले. पुढे तीन आठवड्यांनी मोठ्या शहरातील रुग्णालयात असे आढळले की, मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नलिकेला शस्त्रक्रियेच्या वेळी इजा झाली होती. एव्हाना ते मूत्रपिंड निकामी होत आले होते. संतापलेला पती म्हणतो, ‘त्यांनी नळीच कापली, याहून मोठा पुरावा कोणता?’ परंतु या शस्त्रक्रियेत त्या नलिकेला इजा होणे हा कुशल हातांकडूनही कधी कधी घडणारा, वैद्यकशास्त्राला परिचित असा उपद्रव आहे. केवळ इजेवर उभारलेला दावा म्हणून डळमळीत होतो. याउलट, ताप आणि दुखणे दिसत असूनही तपासणी का झाली नाही, त्या दिवसांत परिचारिकेच्या तक्त्यावर काय नोंदले गेले, मूत्रविकारतज्ज्ञास का बोलाविले नाही, आणि वेळीच बोलाविले असते तर मूत्रपिंड वाचले असते काय, हे प्रश्न विचारले की दाव्याला पाया मिळतो. घटना तीच, कागद तेच. परंतु कोणता प्रश्न विचारावयाचा हे जाणणारा वकील मिळाला की प्रकरणाचे रूप पालटते. या विषयात मुरलेल्या वकिलाची गरज भासते ती येथे.

दोन जुने खटले

१९५३ सालच्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथील समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात जुजबी उपचार झाल्यावर त्याला मोटारीने पुण्यास आणून एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे पाय ओढून हाड बसविण्यात आले, प्लास्टर घालण्यात आले आणि त्याच रात्री तो मरण पावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. पुरेशी भूल न देता पाय जोराने ओढला गेला आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला, असे त्यांचे म्हणणे. मोडलेल्या हाडातील चरबीचे कण रक्तात शिरून मृत्यू ओढवला, असे डॉक्टरांचे म्हणणे. खालच्या न्यायालयाने आईवडिलांना ३,००० रुपयांची भरपाई देवविली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. रुग्णास उपचारासाठी घ्यावे किंवा नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे, हे जोशी–गोडबोले खटल्यातील सूत्र आजही न्यायालयांत उद्धृत केले जाते.

या खटल्यात वाद कायद्याच्या कलमांचा फारसा नव्हता. तो भुलीचा, धक्क्याचा आणि चरबीच्या कणांचा होता. वादी स्वतः डॉक्टर असल्यामुळे आपल्या वकिलाला या गोष्टी समजावून देऊ शकत होता. आपल्या शिक्षकापाशी हे सामर्थ्य नाही. त्याच्या वकिलाला ते स्वतः मिळवावे लागेल किंवा कोणाकडून मिळवावे हे ठाऊक असावे लागेल.

दुसरा खटला याच्या अगदी उलट आहे. १९६३ साली त्या वेळच्या औरंगाबाद येथील सरकारी रुग्णालयात एका स्त्रीवर प्रसूतीनंतर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. प्रकृती ढासळल्यावर पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहून गेलेला कापडाचा बोळा सापडला. पुढे काही दिवसांत ती मरण पावली. येथे सूक्ष्म वैद्यकीय चर्चेचे फारसे कारण नव्हते. पोटात राहिलेले कापड आपण होऊन बोलत होते. तरीही दिवाणी न्यायालयाने मंजूर केलेली ३६,००० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयात नामंजूर झाली आणि ती पुन्हा पदरात पाडणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९९६ साली लागला. मृत्यूपासून या निर्णयापर्यंत बत्तीस वर्षे लोटली होती. ज्याची बाजू उघड दिसते त्यालाही चिकाटीचा वकील लागतो, हा या खटल्याचा धडा.

कोणत्या दरवाजाने जावे?

अनुभवी वकिलाची पहिली परीक्षा म्हणजे तो आपल्याला कोणत्या दरवाजाकडे नेतो ही होय. अशा तक्रारीसाठी आपल्या देशात मुख्यतः चार मार्ग आहेत.

पहिला ग्राहक आयोगाचा. पैसे घेऊन केलेला वैद्यकीय उपचार ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली शांता खटल्यात दिला. सध्या २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अमलात आहे. त्याअन्वये सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे, त्याहून अधिक आणि २ कोटींपर्यंत असल्यास राज्य आयोगाकडे आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार करावयाची असते. येथे मागितलेली भरपाई पाहिली जात नाही, तर सेवेसाठी मोजलेली किंमत पाहिली जाते. या फरकाचा ज्याला पत्ता नाही असा वकील तक्रार चुकीच्या ठिकाणी नेऊन ठेवतो. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तेथील आयोगापुढेही तक्रार करता येते. आपल्या शिक्षकाला ही सोय मोलाची आहे.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. जेथे सर्वच रुग्णांवर विनामूल्य उपचार होतात अशा रुग्णालयातील सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. तेथे दिवाणी न्यायालयाकडे वळावे लागते. तिसरा मार्ग राज्य वैद्यक परिषदेचा. परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते. परंतु रुग्णाला भरपाई देववू शकत नाही. चौथा फौजदारी फिर्यादीचा. त्यासाठी ढोबळ हयगय दाखवावी लागते आणि स्वतंत्र वैद्यकीय मताची आवश्यकता असते. जो वकील पहिल्याच भेटीत ‘आधी पोलिसांत फिर्याद देऊ, म्हणजे ते आपोआप पैसे काढतील’ असे सुचवितो, त्याच्यापासून सावध राहणे बरे. धाकदपटशाने तडजोड घडविण्याच्या या वाटेवर अशील स्वतःच अडचणीत येण्याचा संभव असतो.

मुदतीचा प्रश्न

वकिलाच्या शोधात किती वेळ घालवावा, यालाही मर्यादा आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत व्हावी लागते. उशिराचे पुरेसे कारण दाखविल्यास आयोग तो माफ करू शकतो, परंतु त्यावर विसंबून राहणे धोक्याचे. मृत्यूबद्दल वारसांनी १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दावा करावयाचा असल्यास मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची आहे.

मुदत केव्हापासून मोजावयाची हा प्रश्न नेहमीच सरळ नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निकालात काढलेल्या एका प्रकरणात रुग्ण स्त्रीची पित्तखड्यांची शस्त्रक्रिया १९९३ साली झाली होती. २००२ साली दुसऱ्या शस्त्रक्रियेत तिच्या पोटात गॉज आढळल्याचे सांगण्यात आले. तक्रार २००४ साली दाखल झाली. गॉज सापडल्यापासून मोजले तर तक्रार मुदतीत होती. परंतु ती स्वतः परिचारिका होती आणि एवढी वर्षे दुखणे सोसत असूनही तिने त्या डॉक्टरांकडे विचारणा केली नव्हती, हे लक्षात घेऊन न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरविली. तिच्या वेदना खऱ्या असोत वा नसोत, त्यांचा विचार होण्यापूर्वीच दार बंद झाले. म्हणून मुदतीची तारीख कोणती, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा आणि उत्तर लिहून घ्यावे.

पाटीवर नसलेली गोष्ट

आता मुख्य अडचणीकडे वळू. डॉक्टरच्या दारावरील पाटीवर तो हृदयरोगतज्ज्ञ आहे की अस्थिरोगतज्ज्ञ, हे लिहिलेले असते. वकिलाच्या पाटीवर असे काही आढळणार नाही. कारण भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार वकिलाने जाहिरात करावयाची नाही आणि अमुक प्रकारच्या कामात आपण विशेषज्ञ आहोत असे पाटीवर वा पत्रांच्या कागदावरही लिहावयाचे नाही. २००८ साली या नियमात थोडी सवलत देण्यात आली. स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा क्रमांक, शैक्षणिक पात्रता आणि कामाची क्षेत्रे एवढी माहिती वकील आता देऊ शकतो. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांची लॉ सोसायटी वैद्यकीय हयगयीच्या दाव्यांत प्रावीण्य असलेल्यांना स्वतंत्र मान्यता देते. तशी अधिकृत सूची आपल्याकडे नाही. १९६१ च्या वकील कायद्यात ‘ज्येष्ठ वकील’ हा वर्ग आहे खरा. पण तो दर्जा प्रतिष्ठेचा आहे, एखाद्या विषयातील विशेष ज्ञानाचा नव्हे. शिवाय ज्येष्ठ वकिलास वकीलपत्र दाखल करता येत नाही, अशिलाकडून थेट काम घेता येत नाही. त्याच्याकडे दुसऱ्या वकिलामार्फतच जावे लागते.

तेव्हा विशेषज्ञ शोधावयाचा कसा? सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे निकालपत्रे वाचणे. ग्राहक आयोगांचे आणि उच्च न्यायालयांचे निर्णय आता संकेतस्थळांवर पाहावयास मिळतात. निकालपत्राच्या प्रारंभी दोन्ही पक्षांच्या वकिलांची नावे दिलेली असतात. आपल्या राज्य आयोगाचे गेल्या चारपाच वर्षांतील वैद्यकीय हयगयीचे निर्णय काढून त्यांत कोणती नावे वारंवार येतात हे टिपले, तर एका संध्याकाळच्या श्रमात अशी यादी हाती येते की जी कोणत्याही ऐकीव माहितीहून भरवशाची असते. केवळ जिंकलेले खटलेच पाहू नयेत. हरलेल्या खटल्यातही वकिलाने तज्ज्ञाची साक्ष आणली होती काय, उलटतपासणी मुद्देसूद केली होती काय, हे निकालपत्रातून दिसते. ‘तक्रारदाराने आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ कोणताही वैद्यकीय पुरावा सादर केलेला नाही’ अशा आशयाचे वाक्य एकाच वकिलाच्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा भेटले, तर त्यातून काय समजावयाचे ते सुज्ञास सांगणे नलगे.

यानंतर चौकशीचा क्रम लागतो. आपल्या नेहमीच्या ओळखीच्या वकिलाला विचारावे. घरच्या खरेदीखताचे काम चोख करणारा वकील हे काम करू शकेलच असे नाही, पण कोण करू शकेल हे त्याला ठाऊक असते. ग्राहक संघटनांचे कार्यकर्ते आणि न्यायवैद्यकशास्त्राचे अध्यापक यांनाही अशी माहिती असते. वैद्यकीय कायद्याची पदविका घेतलेले किंवा मुळात डॉक्टर असून पुढे सनद घेतलेले वकीलही काही शहरांत आढळतात. पदविका ही जमेची बाजू खरी, परंतु न्यायालयातील अनुभवाची जागा ती घेऊ शकत नाही.

भेटीपूर्वीची तयारी

रिकाम्या हाताने गेलेल्या अशिलास उत्तम वकीलही फार काही सांगू शकत नाही. म्हणून प्रथम कागदपत्रे गोळा करावीत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णालयात दाखल केलेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचाराच्या प्रारंभापासून तीन वर्षे जतन करणे डॉक्टरवर बंधनकारक आहे आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. घरी जातानाचे उपचारपत्रक तेवढे पुरेसे नाही. संमतिपत्र, शस्त्रक्रियेची टिपणे, भूल देणाऱ्याची नोंद, परिचारिकेचा रोजचा तक्ता, तपासण्यांचे अहवाल आणि पावत्या हे सर्व मागावे.

त्याबरोबर घटनांचा तारीखवार वृत्तांत स्वतःच्या शब्दांत दोनतीन पाने लिहून काढावा. त्यात आरोप नसावेत. कोण, केव्हा, काय म्हणाले आणि काय केले, एवढेच असावे. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही लिहावी. शिक्षकाची पत्नी दहाव्या दिवशीच्या तपासणीस गेली नसेल, तर ते वकिलास आजच कळणे हिताचे. उलटतपासणीत ते प्रथम कळणे घातक ठरते.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. पुढील प्रश्नांची सरळ उत्तरे मिळावयास हवीत.

१. अशा प्रकारची किती प्रकरणे आपण चालविली आहेत? ती रुग्णाच्या बाजूने होती की डॉक्टरांच्या?

२. या प्रकरणात कर्तव्याचा भंग नेमका कोठे झाला, असे आपणांस वाटते? नुकसान त्यामुळेच झाले हे कसे दाखविता येईल?

३. तज्ज्ञाचे मत लागेल काय? ते कोणत्या शाखेच्या तज्ज्ञाचे, आणि ते कोण मिळवील?

४. कोणत्या न्यायपीठापुढे जावयाचे आणि का? मुदत केव्हा संपते?

५. तारखांना आपण स्वतः उभे राहाल की सहकारी?

६. या रुग्णालयाशी, डॉक्टरांशी किंवा त्यांच्या विमा कंपनीशी आपला काही संबंध आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे अधिक सांगावयास हवे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली किशन राव खटल्यात सांगितले आहे. पोटात राहिलेल्या कापडासाठी तज्ज्ञ कशाला? परंतु निदानातील चूक किंवा उपचाराचा विलंब यांसारख्या प्रकरणांत तज्ज्ञाच्या मताविना उभे राहणे म्हणजे शस्त्रावाचून रणात उतरणे होय. एका डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर सहसा पुढे येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. म्हणूनच ज्याने पूर्वी अशी मते मिळविली आहेत त्या वकिलाचे मोल अधिक. दुसऱ्या शहरातील वैद्यकीय महाविद्यालयातून मत घेणे, प्रमाणग्रंथांतील उतारे योग्य रीतीने पुढे ठेवणे किंवा आयोगाकडून तज्ज्ञमंडळाचे मत मागविणे, हे मार्ग त्याला ठाऊक असतात.

सहावा प्रश्न काहींना उद्धटपणाचा वाटेल, पण तो तसा नाही. प्रतिपक्षाशी असलेला आपला संबंध आणि वादविषयातील हितसंबंध काम स्वीकारतानाच अशिलास सांगणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे, असे वकील परिषदेचे नियम सांगतात. लहान गावात एकच चांगला वकील असतो आणि तोच रुग्णालयाचाही सल्लागार असतो, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणचा, प्रसंगी शेजारच्या जिल्ह्यातला वकील पाहावा.

उत्तरांइतकीच उत्तरे देण्याची रीत महत्त्वाची आहे. कागद न वाचता ‘शंभर टक्के जिंकू’ म्हणणारा, कोट्यवधींचा आकडा आधी उच्चारणारा, न्यायाधीशांशी ओळख असल्याचे सुचविणारा वकील टाळावा. याउलट, कागद ठेवून घेऊन आठवड्याने बोलावणारा, आपल्या बाजूचे दुबळे दुवे आधी दाखविणारा, आणि वेळ आली तर ‘येथे दावा होत नाही’ असे स्पष्ट म्हणणारा वकील विश्वासास पात्र समजावा. असा नकार ऐकणे जड जाते खरे. पण वर्षानुवर्षांची वणवण आणि त्या अंती येणारी निराशा त्यामुळे वाचते. मनास पटत नसेल तर दुसऱ्या वकिलाचे मत घ्यावे. डॉक्टरच्या बाबतीत आपण तसे करतोच.

मोबदला आणि खर्च

अमेरिकेत वकील भरपाईतील हिस्सा ठरवून काम घेऊ शकतो. आपल्याकडे तसे करता येत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरविणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे वकील परिषदेच्या नियमांनी निषिद्ध आहे. ‘आता काही देऊ नका, मिळेल त्यातले तीस टक्के द्या’ असे कोणी म्हणाले, तर तो उदारपणा नसून नियमभंग आहे. फी एकरकमी, टप्प्यांनुसार की तारखेगणिक, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. टंकलेखन, प्रती, तज्ज्ञांचे मानधन, प्रवास हे खर्च तीत धरले आहेत किंवा नाहीत, अपिलाची फी वेगळी काय, याचीही नोंद असावी. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. आयोगाचे शुल्क फार नसते. सेवेची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर ते मुळीच द्यावे लागत नाही.

ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण कायदा आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना त्याखाली विनामूल्य वकील मिळू शकतो. शिक्षकाची पत्नी स्त्री या नात्यानेच त्याला पात्र आहे. पतीच्या पगाराचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करताना, या विषयाचा अनुभव असलेला वकील मिळावा अशी विनंती अवश्य करावी. ग्राहक आयोगापुढे स्वतः उभे राहण्याचीही मुभा आहे. परंतु गुंतागुंतीच्या वैद्यकीय प्रकरणात निदान तक्रारीचा मसुदा तरी जाणकाराकडून करून घेणे इष्ट.

वकिलाकडूनच हयगय झाली तर?

वकीलही शेवटी व्यावसायिकच. तो तारखेस गैरहजर राहिला आणि दावा निकालात निघाला तर काय? १९८१ साली रफिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, आपल्याकडून होण्यासारखे सर्व काही करून वकिलावर विसंबलेल्या निरपराध पक्षकारास वकिलाच्या कसुरीची शिक्षा होऊ नये. तथापि प्रत्येक वेळी न्यायालय असे औदार्य दाखवीलच असे नाही. वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग २०२४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंद झाला आहे. वकिलाची सेवा त्या कायद्याखाली येत नाही, असे त्यात ठरले. मात्र हयगयीमुळे झालेल्या नुकसानीबद्दल दिवाणी दावा करता येतो आणि गैरवर्तनाबद्दल राज्य वकील परिषदेकडे तक्रार करता येते.

या उपायांची वेळ येऊ नये यासाठी सोपी पथ्ये आहेत. दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. मूळ कागद द्यावे लागले तर त्यांची यादी करून सही घ्यावी. पुढील तारीख स्वतः पाहावी. हल्ली ती संकेतस्थळावर कळते. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये. विश्वास उडालाच तर वकील बदलण्याचा अधिकार अशिलास आहे आणि फी थकली या कारणावरून वकिलास त्याचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे. मात्र दर दोन तारखांनी वकील बदलणाऱ्याचे प्रकरण कोणाच्याच हातात स्थिर होत नाही, हेही तितकेच खरे.

दाव्याने गेलेले मूत्रपिंड परत येत नाही, गेलेला मुलगा तर नाहीच. पालशेतच्या त्या तरुणाच्या आईवडिलांनी १९५३ पासून १९६८ पर्यंतची वर्षे ३,००० रुपयांसाठी घालविली, असे कोणी म्हणणार नाही. आपल्या मुलाचे काय झाले याचे उत्तर त्यांना हवे होते, आणि ते न्यायासनापुढून यावयास हवे होते. असे उत्तर मागणाऱ्याच्या हातात राग आणि दुःख आधीपासूनच असतात. वेळेत जमविलेले कागद, ध्यानात ठेवलेली मुदत आणि त्या कागदांतील अक्षर न् अक्षर वाचणारा वकील, ही शिदोरी मात्र ज्याची त्यानेच जुळवावी लागते.